लिनक्सवर योरुबा लिहिण्याचा प्रश्न
योरुबा भाषा रोमन लिपीत लिहिली जात असली, तरी इंग्रजी कळफलकावर ती पूर्णपणे लिहिता येत नाही. नायजेरियातील तिच्या २५ अक्षरांच्या वर्णमालेत इंग्रजी ई, ओ आणि एस यांची खाली टिंब असलेली रूपे स्वतंत्र अक्षरे मानली जातात, आणि स्वरांवर उंच वा खालच्या सुराची खूण द्यावी लागते. या खुणा गाळल्या, तर नवरा, कुदळ आणि वाहन या अर्थांचे तीन वेगळे शब्द कागदावर एकसारखेच दिसतात.

कळ दाबली की संगणकाकडे अक्षर जात नाही, कळीचा क्रमांक जातो. त्याचे अक्षर कोणते, हे लिनक्स या संगणक-प्रणालीत एक्सकेबी या कळफलक-व्यवस्थेच्या साध्या मजकूर-फायली ठरवतात. प्रत्येक कळीसाठी साधारणपणे चार जागा असतात: नुसती कळ, शिफ्टसह, ऑल्ट-जीआरसह (स्पेसबारच्या उजवीकडची ऑल्ट कळ) आणि या दोन्हींसह. प्रोग्रामिंग न येणाऱ्या भाषाशिक्षकालाही ही फाइल वाचता येते. मात्र कळफलकाच्या नव्या मांडणीची नोंद उपलब्ध मांडण्यांच्या एक्सएमएल यादीतही करावी लागते. ती राहिली, तर मांडणी सेटिंग्जमध्ये दिसतच नाही.

खरी अडचण पुढे आहे. टिंबाच्या ओला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, एक संकेतांक आहे आणि सुराची खूण असलेल्या साध्या ओलाही आहे. पण टिंब आणि सूर दोन्ही असलेल्या ओला एकच असा संकेतांक नाही. जोडून तयार होणाऱ्या अक्षरांना युनिकोड आता नवे संकेतांक देत नाही. आपल्या ‘कि’मध्ये क आणि वेलांटी साठवली जाते, तसे येथे टिंबाचे अक्षर आणि त्यामागून सुराची खूण साठवावी लागते. परंतु एक्स११ या लिनक्सवरील पडदा-कळफलक हाताळणाऱ्या व्यवस्थेत कळीच्या एका जागेवर एकच चिन्ह बसते, म्हणून सुराच्या खुणेला स्वतंत्र कळ द्यावी लागते.

ही कळ अक्षराच्या आधी दाबायची की नंतर? आधी दाबायची असेल, तर संगणक पुढच्या अक्षराची वाट पाहतो आणि जोडी एका तक्त्यात शोधतो; तेथे जोडी नसेल, तर खूण हरवते. नंतरच्या पद्धतीला तक्ता लागत नाही, म्हणून मला तीच अधिक भरवशाची वाटते. टिंबाची अक्षरे मात्र अखंडच द्यावीत. कोणी आधी सूर आणि मग वेगळे टिंब जोडले, तर शब्द पडद्यावर तसाच दिसतो, पण संकेतांकांची मालिका बदलते आणि दोन्ही रूपे एक न मानणाऱ्या शोधयंत्राला तो सापडत नाही.

योरुबात सी, क्यू, व्ही, एक्स आणि झेड नाहीत. त्यांच्या कळांवर टिंबाची अक्षरे बसवणे सोयीचे दिसते. पण नायजेरियात इंग्रजी राजभाषा असल्याने तीच व्यक्ती दोन्ही भाषा लिहिते. ऑल्ट-जीआरचा मार्ग इंग्रजी अबाधित ठेवतो, मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक जादा बोट मागतो. हा निर्णय रोज टंकलेखन करणाऱ्यांनीच घ्यायला हवा.

शिवाय या फायली देशवार रचलेल्या आहेत, भाषा मात्र सीमा पाळत नाहीत. हौसा भाषेची मांडणी म्हणूनच नायजेरियाच्या आणि घानाच्या, अशा दोन फायलींत आहे. शेजारच्या बेनिन देशातील योरुबा लेखनात ई आणि ओ यांना टिंब देण्याऐवजी वेगळ्या आकाराची अक्षरे वापरतात आणि तेथे राजभाषा फ्रेंच आहे, त्यामुळे नायजेरियाची मांडणी तेथील लेखकाच्या कामी येत नाही. त्याच भाषेसाठी दुसरी मांडणी करावी लागते.