इम्पोस्टर सिंड्रोम (विज्ञानातल्या बायकांच्या संदर्भात)

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता आणि बरेच जण त्याला खरा भाऊ समजून बसले, १७७६ मध्ये ते बंड मोडलं. इम्पोस्टर सिंड्रोममध्ये नेमकं उलटं होतं, इथे खरा भाऊच स्वतःला तोतया समजत असतो. डिग्री आहे, पेपर छापून आलेत, लॅबमध्ये काम नीट चाललंय, तरी आतून सारखं वाटत राहतं की आपण इथे चुकून आलोय आणि एक दिवस पकडले जाणार.

हे नाव मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आईम्स यांच्या १९७८ च्या लेखातून आलं. त्यांनी दीडशेपेक्षा जास्त यशस्वी बायकांसोबतच्या अनुभवावर लिहिलं होतं, त्यात पीएचडी झालेल्या होत्या, प्रोफेशनल होत्या, विद्यार्थिनीही होत्या. त्यांचा मूळ शब्द सिंड्रोम नव्हताच, फिनॉमेनन (म्हणजे नुसता दिसून येणारा प्रकार) होता. हा काही अधिकृत आजार नाहीये आणि पुरुषांनाही होतो हे नंतर लक्षात आलं. क्लान्स यांची २० प्रश्नांची एक प्रश्नावली १९८५ पासून आहे, अजून वापरतात.

याचं चक्र ठरलेलं. सेमिनार द्यायचाय म्हटलं की एकतर गरजेच्या तिप्पट तयारी करायची नाहीतर टाळत टाळत आदल्या रात्री बसायचं. सेमिनार चांगला झाला की पहिल्या केसमध्ये "एवढी घासली म्हणून जमलं, हुशारी कुठेय" आणि दुसऱ्यात "नशीब". म्हणजे यश कसंही आलं तरी खात्यावर जमा होतच नाही, आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात. अपयश मात्र लगेच स्वतःच्या नावावर! विज्ञानात याला खतपाणीही भरपूर, कारण प्रयोग फसणं रोजचंच, रिव्ह्यूअर चुकाच काढणार (तेच त्याचं काम आहे), आणि मीटिंगमध्ये आपण एकटीच बाई असलो तर आपली चूक सगळ्या बायकांची चूक धरली जाईल ही भीती वेगळीच.

उपाय म्हणाल तर क्लान्स-आईम्स यांना ग्रुप थेरपी बरी वाटली, कारण दुसरी हुशार बाई "मी फसवी आहे" म्हणते तेव्हा ते किती खोटं आहे हे लगेच दिसतं आणि मग आपलंही थोडं दिसायला लागतं. रोजच्यात करण्यासारखं म्हणजे कौतुक झालं की "छे हो, काही नाही" न म्हणता नुसतं थँक्यू म्हणायचं, जे जमलं ते तारीख घालून वहीत लिहायचं, आणि गाईडला "कसं झालं" असं मोघम न विचारता "या ग्राफवरून हा निष्कर्ष निघतो का" असं विचारायचं, त्याचं उत्तर तरी धड मिळतं. आत्मविश्वास आला की मग बोलेन असं ठरवून बसलं तर तो येत नाही, दोनचार वेळा घाबरत प्रश्न विचारल्यावरच येतो.

पण सगळं बायकांच्याच डोक्यात आहे असं मानणं मला पटत नाही. बायोकेमिस्ट कमला सोहोनी (तेव्हा भागवत) यांचंच बघा. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या तेव्हा घेतलं पण वर्षभर प्रोबेशनवर, वर अट अशी की त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. शंका कमलाबाईंना स्वतःबद्दल नव्हती, संस्थेला होती, आणि अशा ठिकाणी कुणाला आपण उपऱ्या आहोत असं वाटलं तर तो सिंड्रोम कसला, ते तर बरोबर निरीक्षण झालं! वर्षभराने रामन यांचं समाधान झालं, पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई नंतर केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी वर (पेशींच्या श्वसनात लागणारं एक प्रथिन) काम केलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली, प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता म्हणतात. तिप्पट तयारीवाल्यांनी एवढ्यात तर प्रस्तावनाही संपवली नसती.