७२ तासांची गोळी आणि गर्भपाताची गोळी: एकीच्या जागी दुसरी घेतली तर

मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात "ती गोळी द्या" म्हणणाऱ्याला नेमकी कुठली गोळी हवी आहे, हे बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. देणाराही विचारत नाही. गोळी आणणारा बहुतेक वेळा नवरा किंवा मित्र असतो आणि घेणारी घरी वाट बघत असते. सांगली-मिरजेकडे कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या आम्हा डॉक्टर बायकांना आणि सिस्टरना मात्र तो प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दुकानात दोन अगदी वेगळी औषधं आहेत. पहिलं, दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं; दुसरं, दिवस राहिल्यावर गर्भ पाडण्यासाठी. त्यात काही ब्रँडची नावं एकाच शब्दाने सुरू होतात.

आधी ७२ तासांची. ही एकच गोळी असते, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम. ती बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तेवढ्या काळात बीजच बाहेर आलं नाही, तर गर्भ राहत नाही. म्हणून संबंधानंतर जितक्या लवकर घ्याल तितकी ती जास्त लागू पडते. ७२ तास ही शेवटची मुदत आहे, तिसऱ्या दिवसापर्यंत निवांत राहायची सवलत नव्हे. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि गर्भ राहिलेलाच असेल तर ती तो पाडतही नाही, त्याला इजाही करत नाही. हिला गर्भपाताची गोळी म्हणणं म्हणूनच चूक आहे.

ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. सरकारी पुरवठ्यात ती 'ईझी पिल' या नावाने येते आणि गावात आशाताईंकडे मिळू शकते. घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर तिचा असर कमी होतो, तेव्हा ते आधी सांगा. पुढची पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते. आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा या गोळीपेक्षाही खात्रीचा उपाय आहे. तो आमच्याकडे फार कमी बायकांना माहीत असतो, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या पाकिटात पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅम. चार मिसोप्रोस्टोल, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. गर्भ टिकायला प्रोजेस्टेरॉन हे शरीरातलं हार्मोन लागतं. पहिली गोळी त्याचंच काम थांबवते. साधारण एक-दोन दिवसांनी घ्यायच्या चार गोळ्या पिशवी आकुंचन पावायला लावतात आणि आतलं बाहेर येतं. पोटात कळा येणं आणि पाळीपेक्षा जास्त अंगावरून जाणं हे यात होणारच. कायद्याने हे औषध ९ आठवड्यांपर्यंत आणि या कामाच्या नोंदणीकृत डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायचं. हे ९ आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, पाळी चुकल्याच्या दिवसापासून नव्हे. नीट मोजून, नीट सांगून दिलं तर हे औषध सुरक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. त्याला विष समजून घाबरायचं कारण नाही, पण ते गुपचूप घ्यायचं औषधही नाही.

घोळ दोन्ही बाजूंनी होतो. काही जणी संबंधाच्या दुसऱ्याच दिवशी पाच गोळ्यांचं कीट घेतात आणि गरज नसताना रक्तस्राव ओढवून घेतात. याहून जास्त नुकसान उलट्या गोंधळात होतं. पाळी चुकल्यावर ७२ तासांची गोळी घ्यायची, थोडं अंगावरून गेलं की "पडलं" म्हणून निश्चिंत व्हायचं. आत गर्भ वाढतच असतो. उलट्या आणि थकवा 'पित्ताचा' वाटतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागतं, तोवर सोपे मार्ग बंद झालेले असतात.

आमच्या रात्रपाळीला सगळ्यात जास्त धास्ती असते ती वेगळ्याच गोष्टीची. गर्भ पिशवीत न राहता बीजवाहक नळीत राहिलेला असेल, तर या दोन्हींपैकी एकही गोळी त्याला काही करत नाही. शंभर गर्भारपणांत एक-दोन वेळा असं घडतं. बाईने कीट घेतलेलं असतं, पोटात दुखतंय म्हणजे औषध लागू पडलं असं घरातल्यांना वाटतं. नळी फुटली की रक्त बाहेर कमी आणि पोटात जास्त साचतं. बाहेरून दिसतं एवढंच, की चक्कर येऊन पडली.

अशी एक जण पहाटे आली, ऊसतोडीच्या फडावरून. सासू म्हणाली, "मॅडम, अशक्तपणा हाय, सलाईन लावा." ओठ पांढरेफटक, हात थंडगार, नाडी बोटाखाली धावतेय, वरचा बीपी ऐंशीच्या आसपास. सिस्टरनी दोन्ही हातांत मोठ्या सुया घालताघालताच सासूला केसपेपर काढायला पाठवलं, पडदा ओढला आणि कानाशी वाकून विचारलं, "वहिनी, पाळी कधी आली होती? कुठली गोळी घेतली?" तिला नाव सांगता येईना. सिस्टरनी टेबलाचा खण उघडून दोन रिकामी पाकिटं तिच्यासमोर धरली. तिने पाच गोळ्यांच्या पाकिटावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "उजवा खांदा लई दुखतोय." पोटात रक्त साचून छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो. लघवीची तपासणी पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत पोटात रक्त. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम फोनवर "टेबल तयार ठेवा, मी निघाले" म्हणाल्या. ऑपरेशन वेळेत झालं आणि बाई वाचली.

ती दोन पाकिटं खणात ठेवण्याची कल्पना एका सिस्टरची. रात्री एकटीच ड्युटीवर असलेल्या नव्या डॉक्टर मुलीला शंका आली, तर कितीही वाजता फोन करायचा आणि पलीकडची उचलणार, हेही आमच्यात ठरून गेलं आहे. यावर कुणाची सही नाही, कुठला आदेश नाही. अविवाहित मुलीची केस आली आणि नातेवाईक आवाज चढवू लागले, की शेजारच्या वॉर्डातली मोठी सिस्टर येऊन नुसती बाजूला उभी राहते. ड्युटी संपल्यावर दोघी-तिघी चहा घेताना त्या रात्रीची केस पुन्हा उलगडून बघतात: काय लवकर दिसायला हवं होतं, पुढच्या वेळी काय आधी विचारायचं. मला वाटतं, आमच्याकडच्या बायकांच्या आरोग्यात जी सुधारणा होते, तिचा मोठा वाटा अशा बोलण्यातून येतो.

गोळ्यांबरोबर आणखी एक सरमिसळ, कायदेशीर गर्भपात आणि मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात यांची, आमच्या जिल्ह्यात फार खोलवर गेलेली आहे. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण सापडले. तेव्हापासून 'गर्भपात' हा शब्द निघाला की माणसं गप्प होतात. मुलगी नको म्हणून लिंग तपासणं गुन्हाच आहे, त्यासाठी १९९४ चा वेगळा कायदा आहे. पण सुरक्षित गर्भपात १९७१ च्या कायद्याने कायदेशीर आहे. आणि ९ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसतच नाही, त्यामुळे या औषधावर तो संशय घेणं मुळातच चुकीचं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही हाच हक्क दिला. बाईला १८ वर्षं पूर्ण झालेली असतील तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तरी ती मागितली जाते आणि ती आणण्यात चार-आठ दिवस जातात. तिचं नाव गुप्त ठेवणं ही डॉक्टरची कायदेशीर जबाबदारी आहे. म्हणजे पोलिसांच्या भीतीने घरी थांबून राहायचं कारण उरत नाही.

कीट घेतल्यावर लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन जाड पॅड पूर्ण भिजत असतील, एका बाजूला पोट सतत दुखत असेल, खांदा दुखून चक्कर येत असेल, एक दिवसाहून जास्त ताप राहिला असेल किंवा घाण वास येत असेल, तर सकाळची वाट बघू नका. उलट, चार गोळ्या घेऊन अजिबात रक्त गेलं नाही, तरीही दाखवा. १०८ ला फोन करा. गाडीत डॉक्टर असतात, त्यांना तीन गोष्टी सांगा: कुठली गोळी, कधी घेतली, शेवटची पाळी कधी. घरच्यांसमोर सांगायचं नसेल तर "मला सिस्टरशी एकटीशी बोलायचंय" एवढंच म्हणा. पुढचं आम्ही बघतो.