विंडोज सोडून लिनक्सवर आलात, आता डीफ्रॅगचं काय?

विंडोजवरून लिनक्सवर आलेल्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो: "इथे डीफ्रॅग कुठून करायचं?" डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे पुन्हा सलग लावणं. त्यावर उत्तर मिळतं, "लिनक्सला लागत नाही." उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. खरी गंमत त्यामागच्या कारणात आहे.

डिस्कवर फाइल ठेवली जाते ती लहान लहान ब्लॉकमध्ये, बहुधा ४ किलोबाइटच्या. फॅट या जुन्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत, दिसेल त्या मोकळ्या ब्लॉकपासून लिहायला सुरुवात होई. फायली पुसल्या, वाढल्या, की तुकडे डिस्कभर विखुरत. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. म्हणजे दर तुकड्यामागे सरासरी ४ मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. डिस्क वाचणारं हेड सरकण्याचा वेळ वेगळाच.

लिनक्समध्ये २००८ पासून रुळलेली ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम इथे फार सुंदर युक्ती करते: ती जागा ठरवण्याची घाईच करत नाही. प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर आधी मेमरीत थांबतो आणि डिस्कवर उतरवायची वेळ आली की मगच ब्लॉक निवडले जातात. तोवर फाइल केवढी होतेय ते बरंचसं कळलेलं असतं, त्यामुळे तिला पुरेल असा सलग पट्टा शोधता येतो. ४ किलोबाइटचे ब्लॉक असतील तर अशा १२८ मेगाबाइटपर्यंतच्या सलग पट्ट्याची एकच नोंद पुरते. शिवाय डिस्क गटागटांत वाटलेली असते आणि एका फोल्डरमधल्या फायली शक्यतो एकाच गटात ठेवल्या जातात.

डिस्क काठोकाठ भरली की मात्र ही युक्ती चालत नाही, कारण सलग जागाच उरत नाही. म्हणून थोडी जागा मोकळी ठेवावी. अगदीच गरज पडली तर ई४डीफ्रॅग हे साधन आहे.

एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, तिथे डीफ्रॅग म्हणजे फुकटची झीज. तिला हवं असतं ट्रिम, म्हणजे कोणते ब्लॉक आता रिकामे आहेत ही खबर. उबुंटूसारख्या लिनक्सच्या वितरणांत (तयार आवृत्त्यांत) ते आठवड्यातून एकदा आपोआप होतं. 'एका क्लिकमध्ये संगणक सुसाट' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. ही कामं सिस्टिम स्वतःच करते.

विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमचं जुनं विभाजन (डिस्कचा भाग) ठेवलं असेल तर त्याची तपासणी विंडोजच्या चेकडिस्कनेच करावी. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स काही किरकोळ दोषच दुरुस्त करतं.