पार्श्वभूमी : अफू-गर्दच्या व्यसनावरची गोळी केंद्रातच घ्यायची की घरी न्यायची?

नोंदणी झालेल्या अफूखोरांना सरकारी परवान्यावर अफू मिळे. १९५९ नंतर ती वाट जवळपास बंद झाली. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्दचा (अशुद्ध हेरॉइनचा) सुळसुळाट झाला, १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला, आणि टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा शारीरिक त्रास, उतरेपर्यंत रुग्णाला दाखल करून ठेवणे म्हणजेच उपचार, असे धरले गेले. टर्की उतरायची, पण ओढ कायम राहायची.

धोरण हलले ते एचआयव्हीमुळे. मणिपूरमध्ये एकच सुई वापरून नशा टोचून घेणाऱ्यांत नव्वदच्या सुमारास संसर्ग झपाट्याने पसरला. दिल्लीत काही स्वयंसेवी केंद्रांनी ब्युप्रेनॉर्फिनची (गर्दऐवजी द्यायच्या, ओढ शमवणाऱ्या औषधाची) गोळी द्यायला सुरुवात केली, आणि २००७ नंतर ती राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात आली. पहिला डोस टर्की सुरू झाल्यावरच द्यावा लागतो; घाई केली तर औषधच टर्की आणते. डोस बसला की मात्र माणूस कामाला जाऊ शकतो.

वाद पेटला तो गोळी कुठे घ्यायची यावर. हेच औषध इंजेक्शनच्या रूपात नशेसाठी विकले गेल्याने यंत्रणेचा त्यावर विश्वास नव्हता. म्हणून नियम झाला : रोज केंद्रात या, परिचारिका गोळी कुटून जिभेखाली ठेवेल, ती विरघळेपर्यंत समोर बसा. सकाळी नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराने रोजगार बुडवायचा की गोळी? कित्येकांनी गोळी सोडली, आणि दोष त्यांच्या 'इच्छाशक्ती'वर ढकलला गेला. हा अन्याय होता.

तोडगा औषधशास्त्रात होताच. गोळीत नॅलोक्सोन (अफूवर्गीय नशेचा परिणाम रोखणारे औषध) मिसळले तर जिभेखाली ते फारसे शोषले जात नाही. पण गोळी विरघळवून टोचली तर नशेऐवजी टर्की येऊ शकते. पंजाबने २०१७ साली बाह्यरुग्ण केंद्रांत अशी मिश्र गोळी द्यायला सुरुवात केली. तरीही 'एक नशा सोडवून दुसरी लावता', हा आक्षेप राहिला. मधुमेहींना रोज इन्सुलिन देताना असे कुणी म्हणत नाही.

दरम्यान अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मेथाडोन, मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय औषधांचे नियम देशभर एकसारखे केले, आणि कायद्यात व्यसनमुक्तीबरोबर व्यसनाचे 'व्यवस्थापन'ही आले. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीने ओपिऑइड (अफू, गर्द आणि तत्सम पदार्थ) घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २ टक्के दाखवले. मग मार्च २०२० ची टाळेबंदी आली. रोज येणे अशक्य झाले, आणि वर्षानुवर्षे नाकारलेली गोळी घरी नेण्याची मुभा एका आदेशाने मिळाली. निर्बंध उठल्यावर ती किती दिवसांची ठेवायची, यावर पुन्हा वाद सुरू झाला.