हत्तरसंग कुडल

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील प्राचीन मंदिरस्थान. सोलापूर शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर, भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. नदी ओलांडली की कर्नाटक, त्यामुळे इथल्या बोलण्यात मराठी आणि कानडी सहज मिसळतात. ‘कूडल’ या कानडी शब्दाचाच अर्थ संगम. कृष्णा-मलप्रभेच्या काठचे बसवेश्वरांचे कूडलसंगम वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे अनेकांची गल्लत होते.

संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही इथली दोन मुख्य मंदिरे. दोन्ही चालुक्य शैलीची, काळ्या दगडात बांधलेली. पण या जागेचे खरे धन संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर आहे. शके 940 म्हणजे इ.स. 1018 मधला हा शिलालेख सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्यातले मराठी वाक्य असे : ‘वाछि तो विजेया होऐवा’. जो हे वाचील तो विजयी होईल.

शाळेत आपण श्रवणबेळगोळचे ‘श्रीचामुण्डराजें करवियलें’ हे पहिले मराठी वाक्य म्हणून पाठ केले. त्यात कुणी काय केले याची नोंद आहे. कुडलचे वाक्य मात्र थेट वाचणाऱ्याशी बोलते, त्याचे भले चिंतते. त्या काळी या भागावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि राजदरबारी कानडी व संस्कृतचा मान होता. तरीही देवळाच्या दगडावर मराठीला जागा मिळाली, म्हणजे ती वाचू शकणारी माणसे इथे होतीच. मराठीच्या आद्य लेखांत या ओळीची गणना होते. ती पाहायला मान वर करून, डोळे बारीक करून उभे राहावे लागते. एकेक अक्षर जुळवत ‘विजेया’पर्यंत पोचले की अंगावर काटा येतो. हजार वर्षांपूर्वीचा आशीर्वाद आपल्यालाही लागू झालेला असतो.

हरिहरेश्वर मंदिर बराच काळ मातीच्या ढिगाऱ्याखाली होते. ते 1999 च्या उत्खननात मोकळे झाले. नावाप्रमाणे ते हरी आणि हर, म्हणजे विष्णू व शिव, या दोघांचे. पुढे स्वर्गमंडप आहे. त्याचा मधला भाग आभाळाकडे उघडा, त्यामुळे उन्हाचा कवडसा दिवसभर खांबांवरून सरकत राहतो. खिद्रापूरच्या कोपेश्वरात ज्यांनी असा मंडप पाहिला आहे, त्यांना त्याची ओळख लगेच पटेल.

याच उत्खननात बहुमुखी शिवलिंग सापडले. एकाच दगडी लिंगावर छोट्या छोट्या मुखांच्या ओळी कोरल्या आहेत. ती मुखे 359 आणि मूळ लिंग धरून 360. याला एकदा अभिषेक केला की 360 लिंगांना घडतो, असे भाविक मानतात. जवळून पाहताना बोट ठेवून मोजायला घेतले, तर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच हिशेब चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.