पळसाला पान एकच

फाल्गुन लागला की चोपडा-यावलकडचा सातपुडा केशरी होतो आणि मोबाइलवर पळसाच्या फोटोंचा पूर येतो. हल्ली त्यात संगणकाने बनवलेली चित्रंही असतात: गर्द हिरव्या पानांत लगडलेली फुलं. दिसायला झकास, पण पळस भर बहरात असतो तेव्हा बहुधा निष्पर्ण असतो. पालवी नंतर फुटते, शेंगा त्याहून उशिरा पिकतात. म्हणून वनस्पतिचित्रकार त्याच झाडाकडे दोन-तीनदा जातो आणि फूल, पान, शेंग एका कागदावर वेगवेगळी मांडतो. एकट्या फोटोला हे जमत नाही.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण चित्राच्या कागदावर टिकत नाही. पान एकच, तीन आहेत त्या पर्णिका, म्हणजे त्या एका पानाचे भाग. ओळखायचं कळीवरून. पान फांदीला जिथे जोडलेलं असतं तिथे, त्याच्या बगलेत कळी असते. पळसात ती लांब देठाच्या बुडाशी सापडते; पर्णिकांच्या बुडाशी एकही नाही. तेव्हा चित्रात फांदीचा तुकडा हवाच. नुसती तीन पाती काढली तर पुरावाच कापला गेला. दुसरी हमखास चूक म्हणजे एकच पर्णिका तीनदा गिरवणं. मधली दोन्हीकडे सारखी असते. बाजूच्या दोन तिरक्या, मध्यशिरेची बाहेरची बाजू जास्त रुंद. डिव्हायडरने दोन्ही अर्ध मोजावेत, अंदाज फसतो.

फुलाला ब्लेडने मधोमध उभा छेद द्यायचा आणि 10 पट भिंगाखाली पाहायचं. पाकळ्या 5: मागे पताका, बाजूंना 2 पंख, आणि 2 मिळून पोपटाच्या चोचीसारखं नौकादल. त्यात 10 पुंकेसर. 9 जणांचे तंतू जुळून उघडी पन्हळ होते, दहावा सुटा. तो पताकेच्या बाजूला असतो, त्यामुळे पताका घाईने ओढली की नेमका तोच तुटतो आणि चित्रात 9 च उरतात. आधी पंख काढावेत, पताका शेवटी.

रंगाची नोंद मात्र सगळ्यांत आधी, तोडल्यापासून तासाभरात. ज्या रंगद्रव्याने रंगपंचमीचं पाणी रंगतं ते अल्कोहोलमध्येही उतरतं. 70 टक्के अल्कोहोलमध्ये फुलाचा आकार राहतो, केशरी जातो. कागदावर पिवळ्याचा पातळ हात, वाळल्यावर वर तांबडा. सावलीसाठी काळा घेतला की पिवळा हिरवट पडतो. पाकळीवरची रुपेरी लव रंगवायची नसते, तिथे कागद कोरा सोडायचा.

शाईच्या चित्रात सावली ठिपक्यांची, उजेड वरून डावीकडून. छापताना चित्र निम्मं होणार असेल तर ठिपके विरळ ठेवा, नाहीतर मखमली निदलपुंजाचा, म्हणजे पाकळ्यांच्या बुडाशी असलेल्या वाटीचा, काळा गोळा होतो. ‘दुप्पट आकार’ असं लिहूही नका. मापासाठी शेजारी 1 सेंटिमीटरची रेघ काढा, ती चित्राबरोबर आकसते.

पांढऱ्या पळसाखाली गुप्तधन सांगतात. त्याच्या फुलाचा छेद घेतला तर पुंकेसर तेच, 9 अधिक 1. फक्त केशरी रंगद्रव्य नाही. धनासाठी मुळं खणली की झाड मात्र जातं.

शेंगेचा छेद विसरू नये. शास्त्रीय नावातला ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीजी, आणि ते एक बी चपट्या शेंगेच्या अगदी टोकाला असतं.