ट्यूलिपच्या कंदाला थंडी का लागते?

कोल्हापुरात थंडी पडू लागली की शेवंती, डेलिया आणि गुलाबाच्या कुंड्यांनी गच्च्या भरतात. अलीकडे त्यांत ट्यूलिपच्या मिश्र रंगांच्या पाकिटांची भर पडली आहे. पाकिटावरचा लाल-पिवळा-जांभळा ताटवा पाहून कंद घेतले जातात, नोव्हेंबरात लावले जातात, आणि पुष्कळदा नुसती पानं येतात किंवा पानांतच अडकलेलं बुटकं फूल. यात माती किंवा लावणाऱ्याचा हात क्वचितच कमी पडलेला असतो. अडचण कंदाच्या मूळ मुलखाशी निगडित आहे.

तो मुलूख म्हणजे मध्य आशिया, तिएन शान आणि पामीरचे डोंगरउतार. तिथला उन्हाळा कोरडा, हिवाळा बर्फाचा आणि मधला वसंत जेमतेम काही आठवड्यांचा. उन्हाळ्यात कंद जमिनीखाली निजतो आणि त्याच काळात पुढच्या हंगामाची कळी आतल्या आत घडते. पण तिचा दांडा नीट वाढायला १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. आपल्या सह्याद्रीतले रानकंदही उन्हाळाभर झोपतात, मात्र त्यांना उठवतो पाऊस. कोल्हापुरातली जानेवारीची रात्र साधारण १५ अंशांची. ट्यूलिपच्या हिशेबात ती थंडी नव्हेच.

बाबराने काबूलजवळच्या टेकड्यांवरचे ट्यूलिपचे प्रकार मोजवले तेव्हा ते ३२-३३ भरले. मिश्र ताटवा निसर्गाने आधीच मांडून ठेवला होता! काश्मीरमध्ये जुन्या घरांच्या मातीच्या छपरांवरही ट्यूलिप फुलत. बागेतलं मानाचं स्थान मात्र त्याला तुर्कांनी दिलं. तिसऱ्या अहमद सुलतानाच्या कारकिर्दीतला १७१८ ते १७३० हा काळ तिथे ट्यूलिपच्याच नावाने ओळखला जातो.

त्याआधीच, १५९४ मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लावलेले ट्यूलिप हॉलंडमधल्या लायडनच्या बागेत फुलले होते. पुढे तिथे कंदांचा सट्टा चालला आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की सर्वांत महाग पट्टेदार फुलं रोगट होती. पाकळीवरचा रंग तुटतो तो विषाणूमुळे, हे ब्रिटिश संशोधक डोरोथी केली यांनी १९२८ च्या सुमारास दाखवून दिलं. हा विषाणू मावा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. त्यामुळे आजही मिश्र वाफ्यात विषाणूमुळे पट्टे उठलेलं झाड दिसलं तर ते कंदासकट काढून टाकावं, शेजारच्या झाडांना लागण होते. आज पाकिटांत मिळणाऱ्या पट्टेदार जाती वेगळ्या, त्यांचे पट्टे जन्मजात असतात.

एकेका फुलाचं कौतुक मागे पडून ताटव्याची हौस आली ती एकोणिसाव्या शतकात. लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जाती एकत्र लावल्या की बहर लांबतो, हे तेव्हापासूनचं मिश्रणाचं खरं मर्म आहे. १९५० पासून लोकांना खुल्या असलेल्या नेदरलँड्समधल्या कोइकेनहोफ बागेत दर शरदात सुमारे ७० लाख कंद लावतात, काही वाफ्यांत एकावर एक थर देऊन.

श्रीनगरात झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ मध्ये सुरू झालेली बाग काश्मीरच्या थंडीवर चालते. कोल्हापूरकरांना तिच्यापेक्षा दिल्लीचं उदाहरण जवळचं. तिथल्या शांतिपथावर डिसेंबरात लावतात ते नेदरलँड्समध्येच गार करून आणलेले कंद, आणि फेब्रुवारीत ते फुलतात.

इथे तेच काम घरच्या फ्रिजला करावं लागतं. सप्टेंबरात कंद कागदी पिशवीत घालून ५ अंशांच्या आसपास ठेवावेत, पण सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने आतली कळी मरते. डिसेंबरअखेर कुंडीत लावून सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्यावी. पाकीट घेताना कंद आधीच गार केलेले आहेत का, हे विचारून घ्यावं. आपल्या उन्हात फूल लवकर उमलतं आणि लवकर गळतं, म्हणून बहर लांबवायचा तर जातींच्या वेळेवर विसंबू नये. कंदांचे दोन-तीन भाग करून ते दहा-दहा दिवसांच्या अंतराने फ्रिजमधून काढावेत. दुसऱ्या वर्षी त्याच कंदांना इथे फूल येईल अशी आशा मात्र धरू नये.